राजाबाईंचा मुलगा प्रेमचंद

मुंबईला जाऊन आलेल्या प्रत्येक मराठी माणसाने राजाबाई टॉवर पाहिलेला असतो. निदान चर्चगेटवरून ओव्हल मैदान ओलांडताना मान वर करून त्याच्या घड्याळात वेळ तरी पाहिलेली असते. पण या राजाबाई कोण, असं विचारलं तर बहुतेक जण थांबतात. कुणाला ती एखादी राणी वाटते, कुणाला इंग्रज अधिकाऱ्याची पत्नी. राजाबाई या आपल्याच सुरतेच्या एका जैन कुटुंबातल्या बाई होत्या. त्यांच्या मुलाने १८६४ साली त्यांच्या नावाने मनोरा बांधायला पैसे दिले, आणि त्या मनोऱ्याला लागून जे ग्रंथालय उभं राहिलं त्याच्या खिडक्यांत मुंबईतली अतिशय देखणी रंगीत काच बसली. त्या मुलाचं नाव प्रेमचंद रायचंद.

बमरोली, पांडेसरा, उधना, लिंबायत या भागांत दोन-दोन, तीन-तीन पिढ्या राहिलेल्या आपल्या कुटुंबांना सुरतेची ओळख कापडाची आणि हिऱ्यांची. तेजी काय असते आणि मंदी काय असते हे आपल्याला कुणी शिकवायला नको. बाजारात एखादं उठमणं झालं की त्याची झळ यंत्रमागावरच्या कारागिरापासून किराणा दुकानदारापर्यंत कशी पोचते, हे आपण पाहिलेलं आहे. म्हणून प्रेमचंदांची गोष्ट इतर कुणापेक्षा सुरतकरांना जास्त कळेल असं वाटतं. त्यांच्या आयुष्यात औदार्य होतं, बुद्धी होती, आणि हजारो घरं ज्यात बुडाली अशी एक भयंकर तेजीही होती. यातलं काही झाकून ठेवून त्यांचं चरित्र सांगता येत नाही.

सुरतेहून मुंबईला

प्रेमचंदांचा जन्म १८३१ सालचा, सुरतेतला. वडील रायचंद दीपचंद हे व्यापारी. त्या काळी सुरतेचे दिवस फिरले होते. मोगलांच्या राज्यात जे बंदर हिंदुस्थानचं प्रवेशद्वार मानलं जायचं, ज्याच्या पेढ्यांवर जगभरातल्या हुंड्या वटत, त्या बंदराचा व्यापार हळूहळू मुंबईने ओढून नेला होता. १८३७ साली तर शहरात मोठी आग लागली. हजारो घरं जळून गेली आणि त्याच वर्षी तापीला पूर आला. पोटापाण्यासाठी सुरत सोडून मुंबईला जाणाऱ्यांची रीघच लागली होती. आज खानदेशातून, विदर्भातून, मराठवाड्यातून माणसं सुरतेला येतात. तेव्हा सुरतेची माणसं मुंबईला जात होती. रायचंद दीपचंदांचं कुटुंबही त्यांतलंच एक.

प्रेमचंद लहानपणीच मुंबईला आले आणि तिथे इंग्रजी शिकले. आज यात काही विशेष वाटणार नाही, पण त्या काळी मुंबईच्या बाजारातले देशी दलाल गुजराती, कच्छी, हिंदुस्थानी बोलत आणि गोऱ्या कंपन्यांशी व्यवहार दुभाष्यामार्फत चाले. इंग्रजी बोलता, वाचता आणि लिहिता येणारा शेअर बाजारातला पहिला देशी दलाल म्हणून प्रेमचंदांचं नाव सांगितलं जातं. विशीच्या आसपास ते एका जुन्या दलालाच्या हाताखाली धंदा शिकू लागले. स्मरणशक्ती दांडगी होती, आकडे तोंडपाठ असत, बोलणं मृदू होतं. थोड्याच वर्षांत शेअर, सोनं-चांदी, कापूस आणि अफू या सगळ्या बाजारांत त्यांचा शब्द चालू लागला.

कापसाचं सोनं

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. उत्तरेकडच्या राज्यांनी दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस जवळजवळ थांबला. गिरण्या चालायच्या तर कापूस हवाच होता. मग इंग्लंडची नजर हिंदुस्थानकडे वळली.

इथे आपल्या शहराचं नाव येतं. लँकेशायरमध्ये हिंदुस्थानातून येणाऱ्या सगळ्या आखूड धाग्याच्या कापसाला सरसकट सुरत म्हणत. तो कापूस गुजरातचा असो, वऱ्हाडचा असो की खानदेशचा. गिरणीकामगारांना हा कापूस अजिबात आवडत नसे. धागा सारखा तुटायचा, केरकचरा फार असायचा, दिवसभर राबूनही मजुरी कमी पडायची. तिथे सुरत हा शब्द हलक्या मालासाठी वापरला जाऊ लागला होता. पण नाइलाज होता. भाव दुप्पट झाले, मग तिप्पट झाले, तरी माल कमी पडत होता. मुंबईत लोकांनी गाद्या-उशा उसवून त्यांतला कापूस विकल्याच्या गोष्टी पुढे कित्येक वर्षं सांगितल्या जात होत्या. वऱ्हाड-खानदेशातल्या शेतकऱ्यांच्या हातातही तेव्हा पहिल्यांदाच रोख पैसा खुळखुळला.

युद्धाच्या त्या चार-पाच वर्षांत मुंबई इलाख्याला कापसापोटी नेहमीपेक्षा सुमारे ८ कोटी १० लाख पौंड जास्त मिळाले, असा हिशेब मांडला जातो. एवढा पैसा मुंबईने कधी पाहिला नव्हता. तो ठेवायचा कुठे? मग बँका निघाल्या, वित्त कंपन्या निघाल्या, समुद्र बुजवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या. रोज नवी कंपनी, रोज नवे शेअर. कारकून, शिक्षक, वकील, दुकानदार, घरात बसलेल्या विधवा, सगळेच बाजारात उतरले.

या सगळ्याच्या मध्यभागी प्रेमचंद होते. वय तिशीच्या थोडं पुढे. कोणत्या कंपनीचे शेअर कुणाला मिळायचे हे त्यांच्या शब्दावर ठरे. त्यांच्या दारात पहाटेपासून लोक उभे असत. त्यांनी एखाद्याला थोडे शेअर दिले तरी तो दुसऱ्या दिवशी ते विकून श्रीमंत होई. बॅकबे रिक्लमेशन कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर तर तेजीच्या ऐन भरात त्यावर ५०,००० रुपये जास्त देऊन लोक घेत होते. त्या कंपनीकडे तेव्हा होतं काय? समुद्राचं पाणी आणि कागदावरचा एक नकाशा.

दोन पत्रं

याच तेजीच्या काळात, ऑगस्ट १८६४ मध्ये, प्रेमचंदांनी सरकारला कळवलं की मुंबई विद्यापीठाला ग्रंथालय बांधण्यासाठी आपण २ लाख रुपये देऊ इच्छितो. ऑक्टोबरमध्ये त्यांनी आणखी २ लाख रुपये देऊ केले. हे दुसरे पैसे मनोऱ्यासाठी होते. त्यात मोठं घड्याळ आणि घंटा असाव्यात आणि मनोऱ्याला आपल्या आईचं, राजाबाईंचं, नाव द्यावं एवढीच त्यांची इच्छा होती.

त्या वेळचं मुंबई विद्यापीठ कसं होतं हे लक्षात घ्यायला हवं. ते १८५७ साली स्थापन झालं होतं, पण त्याला स्वतःची इमारत नव्हती. सभा टाऊन हॉलमध्ये भरत. पहिले पदवीधर १८६२ साली बाहेर पडले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे. चौघांची नावं पाहिली की मराठी समाजाला या विद्यापीठाने काय दिलं ते कळतं. पुढे टिळक इथूनच पदवीधर झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची पहिली पदवीही याच विद्यापीठाची. सुरतच्या एका दलालाने या विद्यापीठाला पुस्तकांसाठी घर दिलं.

आणि हे एकच दान नव्हतं. कलकत्ता विद्यापीठालाही त्यांनी २ लाख रुपये दिले. त्याच्या व्याजातून प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती सुरू झाली, जी बंगालमध्ये आजही अतिशय मानाची समजली जाते. आशुतोष मुखर्जींना ती मिळाली. १८९७ साली ती जदुनाथ सरकारांना मिळाली. हे तेच जदुनाथ, ज्यांनी पुढे औरंगजेबाचा आणि शिवाजी महाराजांचा इतिहास लिहिला. महाराजांनी १६६४ आणि १६७० साली जी सुरत लुटली, त्याच सुरतेत जन्मलेल्या एका व्यापाऱ्याच्या पैशावर मराठ्यांच्या इतिहासाचा एक मोठा अभ्यासक संशोधनाला लागला.

अहमदाबादेत शिक्षक तयार करणारं प्रेमचंद रायचंद ट्रेनिंग कॉलेज, भरुचचं रायचंद दीपचंद ग्रंथालय, सुरतेत वडिलांच्या नावाची मुलींची शाळा, याशिवाय धर्मशाळा आणि मंदिरं, अशी त्यांच्या दानांची यादी मोठी आहे. मुलींनी शिकावं की नाही यावरच अजून वाद चालू होते, त्या काळातली ही मुलींची शाळा.

१ जुलै १८६५

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं. दक्षिणेच्या सेनापतीने शरणागती पत्करल्याची बातमी मुंबईत पोचली आणि कापसाचे भाव गडगडायला लागले. बाजारात हजारो वायदे झालेले होते आणि त्यांच्या पूर्ततेचा दिवस ठरलेला होता, १ जुलै १८६५. त्या दिवशी मुंबईच्या बाजारात प्रत्येक जण दुसऱ्याकडून पैसे यायची वाट पाहत होता आणि कुणाकडेच पैसे नव्हते.

बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर २,८५० रुपयांपर्यंत चढला होता तो शेवटी ८७ रुपयांना विकावा लागला. बॅकबेचा नकाशा पुन्हा नुसता नकाशा झाला. एकामागून एक कंपन्या बंद पडल्या. पेढ्या बसल्या. आयुष्यभराची पुंजी शेअरमध्ये घातलेली मध्यमवर्गीय कुटुंबं रस्त्यावर आली.

यात प्रेमचंदांचा वाटा किती? ते चरित्र सांगताना टाळता येत नाही. बँक ऑफ बॉम्बे ही निमसरकारी बँक. नव्या कायद्याने तिला शेअरच्या तारणावर कर्ज देण्याची मुभा मिळाली होती, आणि बँकेने प्रेमचंदांना आणि त्यांच्या शब्दावर इतरांनाही मुबलक पैसे दिले होते. तारण पुरेसं आहे का हे नीट पाहिलं गेलं नाही. १८६६ साली प्रेमचंदांच्या पेढीलाही देणेकऱ्यांपुढे हात टेकावे लागले. १८६८ साली जुनी बँक ऑफ बॉम्बे मोडीत निघाली आणि तिच्या जागी नवी बँक काढावी लागली. सरकारने चौकशी आयोग नेमला. त्या चौकशीत बँकेचे अधिकारी आणि प्रेमचंद यांच्या व्यवहारांचा पुरता पंचनामा झाला.

म्हणजे ज्या माणसाने हातचं न राखता दान केलं, त्याच माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवून अनेकांनी सर्वस्व गमावलं. त्या काळातल्या मुंबईकरांनाही हे कोडं सुटलं नाही. काहींनी त्यांना शिव्याशाप दिले, काहींनी शेवटपर्यंत मान दिला. आपल्यालाही त्यांच्याबद्दल एकाच शब्दात निकाल देता येणार नाही. एवढं मात्र खरं की स्वतः सगळं गमावल्यावरही प्रेमचंद मुंबई सोडून पळाले नाहीत. देणेकऱ्यांना तोंड दिलं, हळूहळू पुन्हा धंदा उभा केला, पूर्वीच्या मानाने साधेपणाने राहिले. १८७५ साली देशी दलालांनी आपली संघटना बांधली, तीच पुढे मुंबई शेअर बाजार म्हणून ओळखली गेली. तिच्या मूळ पुरुषांत प्रेमचंदांचं नाव घेतलं जातं. कोसळलेल्या बाजाराला नियम हवेत हे त्यांच्याइतकं कुणाला कळलं असणार?

दगड आणि काच

बाजार कोसळला, पण विद्यापीठाला दिलेले पैसे आधीच बाजूला पडले होते. ते बुडाले नाहीत. इमारत सुरू व्हायला वेळ लागला, त्यात व्याजाची भर पडत गेली. लंडनचे नामवंत वास्तुशिल्पी सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांच्याकडून आराखडे मागवण्यात आले. गंमत म्हणजे स्कॉट कधी हिंदुस्थानात आलेच नाहीत. त्यांनी तिथे बसून रेघा काढल्या आणि इथल्या गवंड्यांनी, पाथरवटांनी आणि अभियंत्यांनी त्या दगडात उतरवल्या. १ मार्च १८६९ रोजी पायाभरणी झाली आणि नोव्हेंबर १८७८ मध्ये मनोरा पुरा झाला. उंची २८० फूट. खर्च सुमारे साडेपाच लाख रुपये. मनोऱ्यावर पश्चिम भारतातल्या वेगवेगळ्या जातीजमातींच्या माणसांचे २४ पुतळे आहेत. त्यांचे नमुने घडवले ते रावबहादूर मुकुंद रामचंद्र या आपल्या मराठी साहाय्यक अभियंत्याने. खालून जाणाऱ्या गर्दीला ते पुतळे सहसा दिसतही नाहीत.

लोकांच्या तोंडी एक गोष्ट आहे. राजाबाईंना डोळ्यांनी दिसत नव्हतं. धर्मनिष्ठ जैन असल्याने सूर्यास्तापूर्वी जेवायचा त्यांचा नेम होता. मनोऱ्याची घंटा ऐकून त्यांना कुणाच्या मदतीशिवाय वेळ कळावी म्हणून मुलाने हा मनोरा बांधला. ही आख्यायिका आहे आणि ती आख्यायिका म्हणूनच घ्यावी. पण ती दीडशे वर्षं टिकली, कारण आईसाठी केलेल्या गोष्टीचं कारण लोकांना मोठं नको असतं, घरगुती हवं असतं.

आता त्या काचेकडे वळू. ग्रंथालयाची वाचनशाळा वरच्या मजल्यावर आहे. उंच टोकदार कमानींच्या खिडक्यांत रंगीत काचेची तावदानं आहेत. इमारतीचं तोंड पश्चिमेला, ओव्हल मैदानाकडे. दुपार कलली की ऊन त्या तावदानांतून आत येतं आणि टेबलांवर, पुस्तकांवर निळे, लाल, पिवळे कवडसे पडतात. शेजारच्या पदवीदान सभागृहातही एक मोठी गोल खिडकी आहे आणि तिच्यात बारा राशी रंगीत काचेत चितारल्या आहेत. ते सभागृह सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून झालं. पदवी घेताना वर पाहणाऱ्या कितीतरी मराठी मुलांनी आपली रास त्यात शोधली असेल.

ही काच रंगवलेली नसते, ती मुळातच रंगीत असते. काच वितळलेली असतानाच तिच्यात धातूंचे क्षार मिसळतात. कोबाल्टने गर्द निळा येतो, तांब्याने हिरवा किंवा लाल, मँगेनीजने जांभळा, सोन्याच्या अंशाने गुलाबी-लाल. पिवळ्यासाठी चांदीचा लेप काचेवर लावून ती भट्टीत तापवतात. मग नकाशाप्रमाणे तुकडे कापतात. चेहरे, बोटं, कपड्यांच्या चुण्या गडद रंगाने रेखून पुन्हा भाजतात, म्हणजे त्या रेषा काचेशी एकजीव होतात. शेवटी शिशाच्या लवचीक पट्ट्यांच्या खाचेत एकेक तुकडा बसवून पट्ट्यांचे सांधे डाक देऊन जोडतात आणि फटींत लांबी भरतात. आपल्याला खिडकीत ज्या काळ्या रेषा दिसतात त्या चित्रकाराने काढलेल्या नसतात. ते शिसं असतं. सगळं चित्र त्यावर तोललेलं असतं.

मुंबईचं खारं वारं, पाऊस आणि धूळ यांनी शंभर-सव्वाशे वर्षांत शिसं थकतं, लांबी वाळून झडते, तावदान फुगून बाहेर येतं. मग प्रत्येक तावदान उतरवून, तुकडे मोजून, धुऊन, नव्या शिशात पुन्हा बसवावं लागतं. राजाबाई टॉवर आणि ग्रंथालयाचं असं मोठं जतनकार्य २०१५ साली पुरं झालं. २०१८ साली ओव्हल मैदानाभोवतीचा हा सगळा वास्तुसमूह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला.

आपल्या आरासीतल्या बाटल्या

हल्ली गौरी-गणपतीच्या आरासीत रिकाम्या काचेच्या बाटल्या रंगवून आत दिव्यांची माळ सोडायची पद्धत आपल्याकडे रुळली आहे. ती याच रंगीत तावदानांची घरगुती नक्कल आहे. ज्यांना करून पाहायची असेल त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगण्यासारख्या आहेत.

बाटली साबणाने धुऊन, कागद निघाल्यावर उरलेला गोंद खोबरेल तेलाने काढावा आणि शेवटी स्पिरिटने पुसावी. तेलाचा अंश राहिला तर रंग धरत नाही. शिशाच्या पट्टीचं काम इथे काळा लायनर करतो. तो बाजारात नळीत मिळतो. नसेल तर फेविकॉलमध्ये काळा ॲक्रिलिक रंग कालवून कोनात भरावा, मेंदीच्या कोनासारखा. आधी रेषा काढून त्या चांगल्या कडक वाळू द्याव्यात. रेष कुठेही तुटलेली नसावी, नाहीतर एका घरातला रंग दुसऱ्या घरात शिरतो. मग काचेचे पारदर्शक रंग त्या घरांत भरावेत. ब्रशने फासू नयेत, थेंब सोडून पसरू द्यावेत. बाटली आडवी ठेवून एका वेळी एकच बाजू करावी, कारण उभ्या बाटलीवर ओला रंग खाली ओघळतो. पांढरा रंग कुठेही मिसळू नये, त्याने उजेड अडतो. आत तेलाचा दिवा किंवा मेणबत्ती ठेवू नये, एलईडीची माळ पुरे. अशा बाटल्या पाणी पिण्यासाठी पुन्हा वापरू नयेत.

रंग भट्टीत भाजलेला नसल्याने हे काम पिढ्यान्‌पिढ्या टिकणारं नाही. विसर्जनानंतर पुढच्या वर्षी पुन्हा करायचं. आपल्या उत्सवाला ते साजेसंच आहे.

अखेरची वर्षं

प्रेमचंद १९०६ साली वारले. पंचाहत्तर वर्षांचं आयुष्य. त्यांतली चार वर्षं ते मुंबईचे अनभिषिक्त राजे होते आणि चाळीस वर्षं पुन्हा एक सामान्य दलाल. भायखळ्याचं त्यांचं घर पुढे अनाथ मुलींच्या सांभाळासाठी वापरलं गेलं. बॅकबेची जी जमीन त्यांच्या हयातीत नीट पुरी झाली नाही, तिच्या काही भागावरून पुढे लोहमार्ग गेला. सुरतेहून येणारी गाडी १८६४ साली, म्हणजे त्यांच्या देणगीच्या वर्षीच, ग्रँट रोडपर्यंत पोचली होती. नंतर हा मार्ग चर्चगेटच्या बाजूला वाढत गेला. म्हणजे आज आपण पश्चिम रेल्वेने मुंबईत उतरतो तेव्हा त्यांच्या फसलेल्या स्वप्नाच्या जमिनीच्या कडेनेच जात असतो.

त्यांनी कमावलेल्या पैशातलं जे बाजारात राहिलं ते एका दिवसात गेलं. जे पुस्तकांसाठी, शाळांसाठी आणि शिष्यवृत्तीसाठी दिलं ते अजून चालू आहे. हा निष्कर्ष काढायला प्रेमचंदांना खूप मोठी किंमत मोजावी लागली, आणि त्यांच्याबरोबर इतरांनाही, ज्यांची नावं कुठल्याही मनोऱ्यावर नाहीत. त्या मनोऱ्याकडे पाहताना दोघांचीही आठवण ठेवणं रास्त ठरेल.

आपल्यापैकी अनेकांची मुलं महापालिकेच्या मराठी शाळांत शिकून पुढे अभियंता, डॉक्टर, सनदी लेखापाल झाली आहेत. कुणाची नोकरी मुंबईला लागते, कुणाची परीक्षा तिथे असते. पुढच्या वेळी मुंबईला गेलात की चर्चगेटला उतरून पाच मिनिटं वाट वाकडी करा. शक्य तर दुपारी चारनंतर जा, ऊन पश्चिमेला असताना. बाहेरून काच काळपट दिसेल. तिचे रंग आतल्या माणसालाच दिसतात. विद्यापीठाची परवानगी मिळवून ग्रंथालयात जाता आलं तर जरूर जा, आणि मुलांना सांगा की ही खिडकी एका सुरतकराने आपल्या आईसाठी दिलेल्या दानाची सोबतीण आहे.

गणपती बाप्पा मोरया!